शेजारच्या दारातलं पाणी

माझी शहापूरला बदली झाली तो नव्वदीतला एक मे महिना होता. बायको-मुलींना आणण्याआधी मी एकटाच भाड्याचं घर बघायला आलो आणि स्टँडवरून एक रिक्षावाला दिवसभरासाठी ठरवला. पन्नाशीचा, काटक माणूस, खांद्यावर पंचा. मी घरात शिरून नळ सोडायचो, खिडक्या उघडून बघायचो. तो आत यायचाच नाही. शेजारच्या दारात जाऊन पाणी मागायचा.

पहिल्या ठिकाणी शेजारचं दार किलकिलं होऊन पुन्हा बंद झालं. दुसरीकडे एका बाईने लांबूनच नळाकडे बोट दाखवलं. शेणव्याच्या रस्त्यावरच्या तिसऱ्या घराशी तो परत शेजारी निघाला, तेव्हा मी वैतागलो. "अहो, पाणी तरी किती प्याल?"

शेजारची म्हातारी तांब्या घेऊन आली, हातावर गुळाचा खडा. "ऊन किती हाय रे. बस जरा सावलीला."

दोन घोट घेऊन त्याने पंच्याने तोंड पुसलं. "साहेब, हेच घ्या. भिंती काय, सगळीकडं सारख्याच. तुमी जाल कामाला. मागं पोरींना काय लागलं, तर याच दारात यायचं ना?"

तिथला नळ गळत होता. तरी तेच घेतलं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

काही वर्षांनी म्हातारी गेली, तिचं घर भाड्याला निघालं. एका दुपारी आमच्या दारात कोणीतरी पाणी मागितलं. बायको तांब्याबरोबर गुळाचा खडा घेऊन गेली. मी बाहेर डोकावलो. खांद्यावर तोच पंचा. आणि शेजारच्या रिकाम्या घरात कोणीतरी नळ सोडून बघत होतं.