सीट पार मागे सरकलेली होती

माझा स्वभाव संशयी आहे असं घरात सगळेच म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही. इथे आखातात, मुशैरिबच्या ऑफिसात मी डॉक्युमेंट कंट्रोल बघते. दिवसभर इंजिनिअरांचे कागद तपासायचे, कुठली ओळ कुणी गुपचूप बदलली ते पकडायचं. असं काम पंधरा वर्षं केल्यावर माणूस भाबडा राहत नाही.

म्हणून दादानं वॉशिंग्टनहून पत्राचा मसुदा पाठवला, तेव्हा मी तो तीनदा वाचला. जज्जाला द्यायचं पत्र होतं, आत्या या नात्यानं माझ्या सहीचं.

दादाचा मुलगा वीस वर्षांचा. मित्रांबरोबर दुसऱ्याची गाडी न विचारता काढली आणि एका सायकलवाल्याला उडवलं. त्या माणसाचा पाय मोडला. मुलानं गुन्हा कबूल केला होता, शिक्षा व्हायची बाकी होती. त्या शहराचा कायदा असा, की पंचविशीच्या आतल्या मुलाला जज्ज सौम्य शिक्षा देऊ शकतो, आणि ती नीट पार पाडली तर गुन्ह्याचा डागही पुसता येतो. पण शहर पडलं देशाची राजधानी, त्यामुळे त्याच्या कायद्यांवर संसदेचा हात. सवलत फक्त अठराच्या आतल्यांना, आणि शहरानं शिक्षेच्या नियमांत पुन्हा ढवळाढवळ करायची नाही, असं विधेयक एका सभागृहात मंजूर झालं होतं, दुसऱ्यात पडून होतं. ते याला लागू होईल की नाही, हे वकीलही छातीठोकपणे सांगेना. दादाला घाई झाली होती.

"मतं शहरानं द्यायची आणि ठरवणार भलतेच," तो फोनवर करवादला. मला दोघांचाही भरवसा वाटत नव्हता. खासदारांना त्या पोरांपेक्षा आपल्या खुर्चीची काळजी असणार, आणि शहराला चोविसाव्या वर्षीही माणूस कोरा कागद वाटत असणार.

मसुद्यात एक ओळ होती. 'पंधरा वर्षांचा असताना तो माझ्याकडे महिनाभर राहिला. विचारल्याशिवाय त्याने कधी कशाला हात लावला नाही.'

तो महिना मला लख्ख आठवतो. डिसेंबर होता, त्याला शाळेची सुट्टी होती. आम्ही तेव्हाही इथल्या अल हिलाल भागातच राहायचो. एका सकाळी आमच्या गाडीचं नाक चेपलेलं दिसलं आणि कोपऱ्यावरच्या व्हिलाचं फाटक वाकलेलं. आमच्या व्हिसावर असलेले ड्रायव्हरकाका साताऱ्याकडचे होते. आमचे हे गुरुवारी दुखानच्या साइटवरून आठवड्याची ड्यूटी संपवून आले, त्यांनी विचारलं. काका खाली बघत म्हणाले, "माझ्याच हातनं झालं, सायेब." ह्यांनी "खलास" म्हटलं आणि काकांना महिन्याच्या आत घरी पाठवलं.

पण त्या सकाळी गाडीत सगळ्यांत आधी बसले होते मी. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकलेली होती. काका बुटके, पोट स्टिअरिंगला टेकवून बसायचे. तेवढे लांब पाय त्या आठवड्यात घरात एकाचेच होते. मी सीट पुढे ओढली आणि गप्प बसले. लायसन नसलेलं पोर, पोलीस केस, आमचे व्हिसा, दादाला काय सांगणार, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. काकांना विमानतळावर सोडायला मीच गेले. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी आत जाताना ते म्हणाले, "पोरगं हाय, ताई. सोडून द्या." मला त्या सकाळची आजही लाज वाटते.

मी दादाला सीटचं सांगितलं आणि म्हटलं, ती ओळ काढ, बाकी सही करते. त्याचा आवाज चढला. "पाच वर्षांपूर्वीच्या सीटवरून तू त्याला आत घालणार?"

"सीटबद्दल मी काही लिहीत नाहीये," मी म्हटलं. "फक्त खोटं लिहिणार नाही."

दोन दिवसांनी खुद्द पोराचा फोन आला. एरवी इंग्रजीतच बोलणारा, त्या दिवशी अडखळत मराठीत बोलला. "आत्या, तेव्हा मीच होतो. काकांना सॉरी म्हणायचंय. नंबर देशील?" तो रडत होता. मलाही भरून आलं. आयुष्यात एकदा मी संशय बाजूला ठेवला आणि नंबर पाठवला.

शुक्रवारी दुपारी मी काकांना फोन लावला. ते आता गावाकडे शाळेची व्हॅन चालवतात.

"आला हुता फोन," ते म्हणाले. "लई रडला. माफी मागितली."

"बरं वाटलं ऐकून."

"मंग म्हनला, काका, एक पत्र द्याल का, तवा गाडी तुमीच चालवत हुता म्हनून. आत्या काय लिहील त्याचं त्याला भ्या वाटतंय."

मी विचारलं, "मग?"

"दिलं की. माझ्या पोराकडनं लिहून घेतलं, सही केली, फोटो धाडला." मग त्यांनीच विचारलं, "ताई, तिकडं किती वर्सापर्यंत ल्हान धरत्यात?"

"सध्या पंचवीसपर्यंत. आता अठरावर आणायचं चाललंय."

"मंग तुमी बी बिगीबिगी धाडा. न्हाईतर त्याचं ल्हानपन सरायचं."

फोन ठेवला आणि मसुदा उघडला. ती ओळ खोडून तिथे सीटची हकिकत लिहिली, माझ्या गप्प बसण्यासकट. पत्र दादाकडे न देता थेट वकिलाला पाठवलं. दादानं त्यानंतर फोन केलेला नाही.

आता तिकडे दोन पत्रं गेली आहेत. त्यातलं खोटं आहे ते जास्त मायेनं दिलेलं आहे.