मे महिन्यातले चार अंश

मे महिन्यातल्या एका सकाळी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान चार अंश दिसलं. नवरा शेजारी बसला होता. "थांब, स्वेटर घेऊन येतो," म्हणाला. दोघंही हसलो. चौकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की एसीतून गरम वारा येतोय, तेव्हा हसणं थांबलं.

एरवी मी काचा खाली करून आठवडाभर दामटली असती. पण त्या रविवारी सासूबाईंना रामटेकला जायचं होतं. तिथे त्यांची धाकटी बहीण, म्हणजे नवऱ्याची मावशी, राहते. आंबे आले की ती थोरलीला रसाच्या जेवणाला बोलावते, आणि थोरली वर्षभर त्या बोलावण्याची वाट बघते. गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदूमुळे जाता आलं नव्हतं. यंदा मार्चमध्ये त्यांना दारातच भोवळ आली आणि डॉक्टरांनी बजावलं की उन्हात फिरायचं नाही, गेलात तर एसी गाडीतूनच. जेवण दुपारचं, म्हणजे परतीचा प्रवास भर उन्हात. एसी नाही तर रामटेक नाही, इतकं ते सरळ होतं.

नवऱ्याने गाडी वर्कशॉपमध्ये दाखवली. गॅस पुरेसा आहे, कॉम्प्रेसर चांगला आहे, पण गाडीला बाहेर हिवाळा आहे असं वाटतं म्हणून ती एसी लावतच नाही, असं त्यांनी सांगितलं. समोरचं अख्खं पॅनेल बदलायचं, ते मागवायला लागेल, दोन आठवडे धरून चाला.

रात्री जेवताना नवऱ्याने निकाल दिला. "यंदा राहू दे आई. जिला बाहेरचं ऊन कळत नाही, तिला इंजिन तापलेलं तरी कळेल का? रस्त्यात बंद पडली तर तुला कुठे बसवू?"

"झाडाखाली बसव," सासूबाई म्हणाल्या. "मावशीले काय सांगू मी? गाडीले थंडी वाजून राहिली म्हणून?"

त्यांनी ताटातली पोळी परत डब्यात ठेवली. मला हे असं अर्धवट सोडलेलं काही आवडत नाही, पोळीही नाही आणि बिघाडही नाही.

रामदासपेठेत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. आमच्याकडे फ्रिजच्या दारावरचा आकडा कोणी खरा मानत नाही. आत काचेचा थर्मामीटर वेगळा ठेवलेला असतो आणि रोज सकाळी दोन्ही आकडे ताडून बघायचे असतात. जुळले नाहीत तर आधी वायर बघायची, मग आकडा दाखवणारं यंत्र, आणि फ्रिजला दोष सगळ्यात शेवटी द्यायचा. वर्कशॉपवाल्यांनी शेवटून सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी लॅबमधला जादा थर्मामीटर घरी आणला आणि गाडीच्या पुढच्या जाळीला दोऱ्याने बांधला. तो एक्केचाळीस दाखवत होता, डॅशबोर्ड सहा. गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्यांदाच उघडलं. तापमान मोजणारा सेन्सर जाळीच्या मागेच असतो, असं त्यात चित्र होतं. जमिनीवर जुनी चादर टाकून, छोटा टॉर्च तोंडात धरून खाली सरकले. शेंगदाण्याएवढा काळा तुकडा सापडला. त्याची वायर ओढून काढली तर पिनांवर पांढरी पुटं चढलेली. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीच्या तळाशी चढतात तशीच. पिनांवर पुटं आली की करंट अडतो आणि आकडा खाली घसरतो. स्पिरिटने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने पिना साफ केल्या, वायर परत बसवली आणि कॉलनीला दोन चकरा मारल्या. आकडा हळूहळू चढत चाळीसवर आला आणि गार वारा सुटला.

मी कोणाला काही बोलले नाही. एकदा जुळलेल्या आकड्यावर माझा विश्वास नसतो.

ते बरंच झालं. शुक्रवारी सकाळी डॅशबोर्डवर पुन्हा सात.

पाऊस नव्हता. गाडी धुतलेली नव्हती. संध्याकाळी घरी येईपर्यंत ठीक असलेली गाडी सकाळपर्यंत बिघडत होती, म्हणजे जे काय होत होतं ते आमच्याच अंगणात होत होतं. शनिवारी उजाडायच्या आधी उठले आणि चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहिले.

सासूबाई अंगणात सडा टाकत होत्या. तुळशीला पाणी घातलं, पायऱ्या ओल्या केल्या. मग पाइपच्या तोंडावर अंगठा धरून, जोरात धार करून, गाडीच्या जाळीत आतपर्यंत पाणी मारू लागल्या. अगदी मन लावून.

"आई, काय चाललंय?"

त्या दचकल्या. "काही नाही वं. बिचारी दिवसभर तापते. जरा थंडी करून राहिली. रविवारी तरास नको द्यायले."

"कधीपासून?"

"मावशीचा फोन आला तवापासून."

मी त्यांना जाळीपाशी नेलं, सेन्सर दाखवला, पाण्याने काय होतं ते सांगितलं. त्या वाकून बघत राहिल्या.

"मले काय माहीत, गाडीच्या नाकात वायर असते म्हणून," त्या म्हणाल्या. मग पाइप खाली टाकला. "म्हणजे माह्याच हातानं माहं रामटेक बुडवलं मी?"

"अजून बुडलं नाही. पाणी तुळशीला घाला, गाडीला नको."

"अन् त्याले सांगशीन?"

"विचारलं तर सांगेन."

विचारायची वेळच आली नाही. मी पिना पुन्हा साफ केल्या, वाळवल्या, व्हॅसलीन लावून जोड टेपने घट्ट गुंडाळला. तोवर त्यांनी नाश्त्याला स्वतःच विषय काढला. "तुह्या गाडीले मीच आंघोळ घालत होती. त्याच्यानं सर्दी झाली होती तिले. आता बरी आहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "अवं आई," म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. हसून झाल्यावर मात्र तो पुन्हा मूळ मुद्द्यावर आला. "एकदा नीट झाली होती, पुन्हा बिघडलीच ना? तपासल्याशिवाय मी तुला नेणार नाही."

"मंग तपास ना. मी कुठी नाही म्हणते?"

ठरलं असं की रविवारी दहा वाजता, उन्हं चढल्यावर, रामटेकच्या वाटेवरच्या कन्हान नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. गाडी टिकली तर पुढच्या रविवारचं बघू. तपासायला आम्ही दोघंच जाणार होतो, पण निघताना सासूबाई नवी साडी नेसून मागच्या सीटवर बसलेल्या दिसल्या. मांडीवर कुरडयांचा डबा.

"हे कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"वजन नको का गाडीत? रिकामी गाडी काय तपासते?"

त्याने गाडी सुरू केली. कामठीपर्यंत मी डॅशबोर्डवर नजर ठेवून होते. बेचाळीस. त्रेचाळीस. इंजिनचा काटा मधोमध. एसी असा चालला होता की सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेऊन कानांभोवती गुंडाळला.

पूल आला. नवऱ्याने वेग कमी केला, आरशात बघितलं.

"चांगली चालून राहिली तर वळवता काहून?" मागून आवाज आला. "अर्ध्या रस्त्यात तपासणी सोडतात का कोणी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लांबवर चालवल्याशिवाय खरं कळत नाही." हे खोटंही नव्हतं.

त्याने गाडी वळवली नाही. मनसरच्या फाट्यावर सासूबाईंनी एसी कमी करायला लावला, हुडहुडी भरली म्हणून. मावशीच्या दारात उतरलो तेव्हा डॅशबोर्डवर चव्वेचाळीस होतं आणि गाडीबाहेर पाय ठेवताच ते पटलं.

मावशी धावत बाहेर आली. येत नाही म्हणून नवऱ्याने चार दिवसांपूर्वीच फोन केला होता, त्यामुळे ती आधी रडली आणि मग चिडली. "अवं बाई, सांगून तरी यायचं! रस काढला नाही, काही नाही!"

"येतच नव्हतो वं," डबा तिच्या हातात देत सासूबाई म्हणाल्या. "गाडी तपासाले निघालो होतो."