एल्सिनाचे कान

लुगनविलच्या बाजारात एल्सिना बावीस वर्षं लापलाप विकत होती. किसलेला कंद नारळाच्या दुधात कालवून, केळीच्या पानात बांधून तापल्या दगडांवर भाजला की त्याची पाटाएवढी एक अखंड वडी होते. तिचे तुकडे पाडायचे ते एल्सिनाच्या सुरीने. तोंडही त्या सुरीच्याच तोडीचं. कुणी "शिळं नाही ना?" असं विचारलं की ती म्हणायची, "शिळी मी आहे. लापलाप ताजं आहे. घ्यायचं तर घे."

एवढं फटकळ तोंड असून एक प्रश्न मात्र तिला सत्तावन्न वर्षांत विचारता आला नव्हता.

ती मूळची मालाकुला बेटावरच्या तेनवार गावची. पाच भावंडांतली चौथी. अडीच वर्षांची असताना आईने तिला वडिलांच्या चुलतबहिणीच्या ओटीत घातलं. त्या बाईला मूल नव्हतं. ती एल्सिनाला सांतो बेटावर लुगनविलला घेऊन गेली आणि तिने तिला जिवापाड वाढवलं. आमच्या बेटांवर असं मूल देण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला नाही. जे दिलं जातं त्याला काय वाटतं हे विचारायची मात्र पद्धत नाही. पाच जणांतून मीच का, हा प्रश्न एल्सिनाच्या पोटात राहिला आणि उत्तरही तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं. थोरला मुलगा घरात हवाच असतो, थोरली मुलगी हाताशी लागते, शेंडेफळ सोडवत नाही. जिच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं ती दिली.

मोठेपणी ती दोनदा तेनवारला गेली. धाकट्या भावाच्या, मासिंगच्या लग्नाला, आणि मग वडील वारले तेव्हा. दोन्ही वेळा सगळे तिच्याशी बिस्लामात, सगळ्या बेटांच्या सामाईक बाजारबोलीत, बोलले, कारण गावची बोली तिला येत नव्हती. दोन्ही वेळा आईजवळ बसून तिने विचार केला, पुढच्या खेपेला विचारू. पुढची खेप आली ती आईला झटका आल्याचा निरोप घेऊनच. म्हातारी लेतांग त्यातून उठून बसली, पण उजवी बाजू गेली आणि बिस्लामाही गेली, पार धुऊन निघाली. उरली ती फक्त जन्माची बोली, तीही वाकड्या झालेल्या तोंडातून. दवाखान्यातली नर्स म्हणाली, वर्ष निघणं कठीण आहे. खोबरं न्यायला येणारी बोट एल्सिनाला सोडून गेली ती तीन आठवड्यांनी परतणार होती. तेवढ्यात काय ते विचारायचं आणि ऐकायचं.

मासिंग न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला, आणखी चार महिने तरी येणार नव्हता. बाकीची भावंडं दूरच्या बेटांवर पांगलेली. घरात फक्त त्याची बायको रोसिता. नणंद-भावजय इथे एकमेकींना तावियान म्हणतात. पहिल्या संध्याकाळी लेकीचा हात धरून लेतांग कितीतरी वेळ बोलली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"काय म्हणाली गं आई?"

"बरं वाटलं म्हणाल्या."

"एवढं सगळं बोलून नुसतं बरं वाटलं?"

"आमच्या गावात बरं वाटायला वेळ लागतो, तावियान," रोसिता म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी एल्सिनाने हिय्या करून रोसितालाच मध्ये घातलं. "तिला विचार, मला का दिलं." रोसिताने विचारलं. म्हातारी बोलायला लागली आणि रोसिताची पंचाईत झाली. सुनेने सासऱ्याचं आणि थोरल्या चुलत सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्यात घडलेली बोलणीही आपल्या तोंडाने सांगायची नाहीत, ही इथली रीत. आणि त्या गोष्टीत पावलापावलाला तेच दोघे.

"मग ते म्हणाले... म्हणजे मोठे ते. मग त्या, त्या तिकडच्या आल्या. मग ह्यांनी त्यांना..." रोसिता घामाघूम झाली. "जाऊ द्या ना तावियान! माझी जीभ उचलत नाही. तुमच्या भावाला येऊ द्या."

"तोवर आई थांबेल का?"

गावात इतर म्हाताऱ्या होत्या, पण हा प्रश्न चारचौघींत काढायचा एल्सिनाला धीर नव्हता. मग आपणच ऐकायचं, असं तिने ठरवलं. ठरवलं खरं, पण ऐकायचं कसं?

आपण समजतो की माणसं शब्द बोलतात. कळत नसलेली बोली नीट कान देऊन ऐकावी, मग समजतं की शब्दबिब्द काही नसतात. बोलण्यात फटी नसतात. आई बोलायची तेव्हा एल्सिनाला तिच्याच परातीतलं अखंड लापलाप ऐकू यायचं, अन् सुरी सापडत नव्हती. कुठे एक संपतं, कुठे दुसरं सुरू होतं, काही पत्ता नाही. दोन दिवस ती नुसती बसून राहिली. डोकं दुखायला लागलं. आपल्याच आईपुढे आपण बहिरे, याचं तिला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी मात्र एक गंमत झाली. पाणी पाजताना आई नेहमी काहीतरी म्हणायची, आणि त्यातला एक आवाज असा होता की जिभेचं टोक वरच्या ओठाला लागतं. हा आवाज लिहून दाखवता येत नाही, तोंड बघावं लागतं. एल्सिना बाटलीचं झाकण लावता लावता तो तुकडा सहज पुटपुटली. रोसिताच्या हातून पळी पडली.

"परत म्हणा!"

"काय?"

"आत्ता म्हणालात ते!"

एल्सिनाने म्हटलं. तिची जीभ कुणी न शिकवता थेट ओठाला जाऊन टेकली होती.

"मी खालच्या किनाऱ्यावरची. मला हे जमायला दोन वर्षं लागली," रोसिता म्हणाली. "आणि मास्तरांना तर अजून नाही."

मास्तर कापालू हे शाळेतले, तान्ना बेटावरचे. त्यांना तेनवारमध्ये एकोणीस वर्षं झाली होती, आणि पोरांचा रोजचा खेळ म्हणजे साधा आवाज आणि जिभेचा आवाज आलटून पालटून काढून मास्तरांची परीक्षा घेणं. रोसिताने त्यांना लगेच बोलावून आणलं. कापालू एल्सिनाचं तोंड बघत राहिले.

"देवाशपथ सांगतो, मला दोन्ही सारखेच ऐकू येतात," ते म्हणाले. "बाई, तुम्ही इथून गेलात तेव्हा केवढ्या होता?"

"अडीच वर्षांची. मला एक शब्द आठवत नाही हो."

"तुम्हाला नसेल आठवत," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज देवळात असल्यासारखा खाली आला होता. "कानाला आठवतंय."

त्या दिवसापासून एल्सिना स्वतःच्या कानांना जरा भिऊनच वागू लागली. आपल्या डोक्याला दोन्ही बाजूंना कुणीतरी वस्तीला आहे, आपल्याला न सांगता त्याने पंचावन्न वर्षं काहीतरी जपून ठेवलंय, असं तिला वाटायचं. अखंड बोलण्याला हळूहळू चिरा पडू लागल्या. 'पाणी' सुटून बाहेर आलं. मग 'ये'. मग 'दे'. पाणी म्हणताना आईचा आवाज घोगरा, रोसिताचा घाईचा, शेजारच्या चिमुरडीचा चिरका. सुटा सुटा ऐकला तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. तरी तिघींचं पाणी एकच, हे कानाला कुणी सांगितलं? दहाव्या दिवशी तर आईने अर्धाच शब्द उच्चारला आणि एल्सिनाचा हात बाटलीवर गेलेला होता. शब्द पुरा व्हायच्या आत तो पोचला होता. ती आपल्या हाताकडे बघत बसली.

मग रविवारी तिने घोळ घातला.

लेतांगला दिवसभर कोनफळांच्या खोपटात बसवत. कोनफळं नुकतीच निघाली होती आणि बांबूच्या मांडणीवर तीन रांगांत लावलेली होती. आईला गोड खाऊ घालावं म्हणून एल्सिनाने तिसऱ्या रांगेतलं सगळ्यांत लांब, सगळ्यांत नितळ कोनफळ उचललं, सोललं, किसलं आणि शहरी हाताने झकास लापलाप लावलं. पान उघडताना म्हातारीने बाजूला पडलेली सालं बघितली. आणि जी सुरू झाली! वाकड्या तोंडातून, डावा हात आपटत, पुरी पाच मिनिटं.

"असू दे म्हणाल्या," रोसिता म्हणाली.

"असू दे? मला झोडपायचं तेवढं बाकी ठेवलं तिने!"

मग रोसिताने सांगितलं. पहिली रांग खायची. दुसरी बेण्याची. तिसरी द्यायची. लग्नात, दुखवट्यात, समेट करताना दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवायची ती. तिला ओरखडासुद्धा पडू द्यायचा नाही. घरात पोरं उपाशी असली तरी त्यातलं कापायचं नाही.

"एवढंसुद्धा माहीत नाही म्हणाली असेल."

"म्हणाल्या," रोसिताने कबूल केलं.

त्या शिव्यांमध्ये एक शब्द आठ-नऊ वेळा आला होता. ओरडून, पुटपुटून, अर्धवट, थुंकीत भिजून. एल्सिनाच्या कानात तो पक्का बसला. द्यायचं. तिच्यासारख्या बाईला लाजेने मान खाली घालावी लागली होती, पण असा बसलेला शब्द पुन्हा विसरत नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघींचा खेळ सुरू झाला. एल्सिना एकेक कोनफळ पुढे धरायची, आई म्हणायची: खायचं, बेण्याचं, द्यायचं. मग आई बोट दाखवायची आणि लेक म्हणायची. चुकली की म्हातारी अर्ध्या तोंडाने हसायची. अडीच वर्षांच्या पोरीला शिकवावं तसं चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर एल्सिना आयुष्यात इतकी सुखी क्वचितच झाली असेल. तरी बोटीचा दिवस जवळ येत होता आणि प्रश्न तसाच होता.

बोट आली त्या सकाळी ती खोपटात गेली. सामान किनाऱ्यावर गेलं होतं. आईसमोर मांडी घालून ती बसली आणि जन्मात पहिल्यांदा तिने त्या बोलीत स्वतःचं वाक्य जोडलं. तीनच शब्द. "मला. दिलं. का?"

लेतांगने लेकीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. एल्सिनाला वाटलं, आपण चुकीचं बोललो. मग म्हातारीने डावा हात उचलला आणि पहिल्या रांगेवर ठेवला. नाही, अशी मान हलवली. दुसऱ्या रांगेवर ठेवला. पुन्हा नाही. मग तिने लेकीचं मनगट पकडलं, ओढलं, आणि तिचा हात तिसऱ्या रांगेतल्या नितळ कोनफळावर नेऊन दाबून धरला. ती काहीतरी बोलली. ओठातून लाळ गळत होती, अर्धे आवाज बाहेरच पडले नाहीत. जो आवाज जिभेने वरच्या ओठाला लावायचा तो तर नुसता श्वास होऊन निघाला.

एल्सिनाने ते बोलणं तुकडे पाडून ऐकलं नाही. बिस्लामात नेऊन बघितलं नाही. आई बोलत गेली आणि तिला कळत गेलं, बस्स. तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडली.

बोट निघायची वेळ झाली म्हणून रोसिता दारात येऊन उभी होती. तिने पुढे वाकून पाहिलं.

"तावियान, काय म्हणाल्या त्या? इतकं पुसट, मला काहीच कळलं नाही."

एल्सिनाने डोळे पुसले.

"विचारतेय," ती म्हणाली, "किडकं कोनफळ कधी कुणी कुणाला देतं का."