धरणावर होड्या आल्यावर

धरणाच्या काठावरच्या एका घरापुढे दोरीवर नारिंगी लाइफ जॅकेटं वाळत होती आणि त्यांच्या मधोमध एक पुरुषाचा शर्ट. मी ओसरीवर टेकलो आणि प्यायला पाणी मागितलं. तांब्या घेऊन आलेल्या सुनंदाबाई माझी नजर ओळखून म्हणाल्या, "मालकांचा हाय. आधी ह्या दोरीवर त्यांचा शर्ट फकस्त जत्रंला दिसायचा."

शेत या धरणाखाली गेलं, तेव्हा त्यांचे मालक सुरतेच्या कापडगिरणीत गेले. मग पाण्यावर होड्या आल्या, सुट्टीला माणसं येऊ लागली. कुणी टपरी टाकली, कुणी खोल्या भाड्यानं दिल्या. मालकही परतले आणि होडी चालवू लागले.

"ज्या पाण्यानं शेत नेलं, त्याच्यावरच?" मी विचारलं.

त्यांनी पाण्याच्या मध्याकडे बोट केलं. "पहिल्या दिशी होडी आमच्या शेतावर आली, तवा त्यांनी वल्हं थांबवलं. पाव्हण्यांना वाटलं, फोटोसाठी थांबवलं."

माणसं कामासाठी गाव सोडतात, हे बघतच मी मोठा झालो. पण चार माणसं निवांत व्हायला येतात म्हणून गावात काम येतं आणि कामामागून गावची माणसंही घरी येतात, हे मला त्या ओसरीवर पहिल्यांदा जाणवलं.

तेवढ्यात मालक काठावरून वर येताना दिसले.

"आले! रोज दुपारी गरम भाकरी लागती ह्यांना, दुसरं काय सुचू देत न्हाईत," असं करवादत सुनंदाबाई आत वळल्या. चुलीवर तवा केव्हाचा तापत होता.