माईणकर मॅडमना पटत नाही

डॉक्टर माईणकर पेशंटबरोबर आलेल्या माणसाला बसल्या-बसल्या पाणी आणायला पाठवायच्या. टेबलावर त्यांची स्वतःची भरलेली बाटली असायची, कोपऱ्यात थंड पाण्याचं मशिन असायचं, तरी म्हणायच्या, "केतकीचे बाबा, जरा खालच्या कँटीनमधून पाणी आणता का?" पहिल्या भेटीत मी धावत गेलो. परत आलो तोवर माझ्या मुलीने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. गोळी कधी चुकते, रात्री मोबाइलवर मालिका बघत किती जागते, आणि कॉलेजच्या जिन्यात आलेली एक फिट तिने घरी सांगितलीच नव्हती, हेसुद्धा.

साक्षीदारांना वेगवेगळं करून विचारायचं, ही युक्ती मला नवी नव्हती. मी विमा कंपनीत दावे तपासतो. समोरचा थापा मारतोय असं धरून चालण्याचा मला पगार मिळतो. पण मलाच इतक्या सफाईने कुणी खोलीबाहेर काढलं नव्हतं.

बाई पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. कुणीही काहीही सांगितलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, "असं तुम्ही म्हणता." मी म्हणालो, "मॅडम, आमच्या घराण्यात हे कुणालाच नाही." "असं तुम्ही म्हणता." मी म्हणालो, "केतकी अगदी वेळेवर झोपते हो." "असं तुम्ही म्हणता." शेवटी मी "बाहेर ऊन फार आहे" म्हणालो, तर त्यांनी उठून पडदा सरकवून पाहिलं.

मग तो पट्टा आला. हिंजवडीकडच्या एका नव्या कंपनीने मनगटावर बांधायचं यंत्र काढलं होतं. हात ठरावीक लयीत झटके देऊ लागला आणि नाडी धावली, की ते म्हणे फिट ओळखणार आणि घरच्यांच्या मोबाइलवर गजर वाजवणार. ते खरंच ओळखतं का, हे पेशंटवर तपासण्याचं काम मॅडमकडे होतं. त्यांनी केतकीला विचारलं, आणि माझ्यातला दावेतपासनीस जागा झाला.

"म्हणजे माझी मुलगी तुमचा उंदीर?"

"उंदराची आम्ही संमती घेत नाही."

"आणि यात तुमचं काय?"

"हा प्रश्न तुम्ही आल्या आल्या विचारायला हवा होतात," मॅडम म्हणाल्या. "कंपनी हॉस्पिटलला पैसे देते, हॉस्पिटल मला पगार देतं. पट्टा नापास झाला तरी तेवढाच देतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, बाहेर चौकशी करा."

मी केली. बाई खरं बोलत होत्या, त्यामुळे मला आणखीनच संशय आला.

केतकीला मात्र तो पट्टा हवाच होता. तिला हिंजवडीत नोकरी लागली होती. आमच्या पेठेतून रोज तिकडे जायचं तर पहाटे उठायचं आणि रात्री उशिरा यायचं. झोप बुडाली की तिला फिट हमखास येणार. तिकडेच मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहायचं तिच्या मनात होतं. माझी बायको सुनीता म्हणाली, "पट्टा नीट चालला तर जा. नाहीतर नोकरी राहिली."

पहिल्याच रविवारी सुनीताचा मोबाइल कोकलायला लागला. ती अंघोळ अर्धवट टाकून धावली, मी पेपर टाकून धावलो, शेजारचे भागवतकाका हुंगवायला कांदा घेऊन धावले. केतकी विळीवर बसून नारळ खवत होती.

"अगं, काय झालं?"

"चटणी होतेय, आई."

"मग हा कांदा कोशिंबिरीला घ्या," काका म्हणाले आणि गेले.

पुढे दात घासताना गजर, आरतीच्या टाळ्यांना गजर. केतकी ढोलपथकात होती. नदीकाठच्या सरावात तिने ढोलावर पहिलं टिपरू टाकलं की इकडे आमच्या स्वयंपाकघरात बोंब. याला मॅडमच्या भाषेत 'खोटा गजर' म्हणत. त्यांनी आम्हाला फक्त एवढंच सांगितलं होतं की खोटे गजर वाजले तर कळवा, बाकी नेहमीसारखं राहा.

पण आम्ही पडलो पेठेतले. आमच्याकडे कसलीही तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा म्हणजे पहिला नंबर. नारळ मी खवू लागलो. कणीक सुनीताने काढून घेतली. आरतीला केतकी हात जोडून उभी राहू लागली. तिनेही कुरकुर केली नाही. पट्टा पास झाला तर तिचा फ्लॅट होता. ढोलसुद्धा तिने आपण होऊन सोडला. गजर थांबले. कंपनीतल्या एका उत्साही मुलाने फोन करून आमचं अभिनंदन केलं. सुनीताने साखरभात केला. मी ऑफिसात सांगितलं की आमच्याकडे एकही खोटा गजर नाही. हे मी बोर्डाचा निकाल सांगतात त्या आवाजात सांगितलं.

कंपनीने मॅडमना आमच्या गजरांचा आलेख दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला पटत नाही. इतकं शहाणं यंत्र मी पाहिलेलं नाही." आणि पुढच्या रविवारी न सांगता आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"केतकी, चहा कर."

"ती नको, मी करते ना," सुनीता म्हणाली.

"बरं. केतकी, तो डबा उघडून दे."

"थांबा थांबा, घट्ट आहे, मी उघडतो," मी म्हणालो.

मॅडमनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "आणि तुझा ढोल?"

"सोडला. आता मी ध्वज धरते."

"नाचवतेस?"

"नाही. नुसती धरते."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "पट्टा सुधारला नाही. मुलगी गोठवलीत तुम्ही."

"अहो, पण एकही खोटा गजर नाही!" मी म्हणालो.

"मंडईतल्या पुतळ्याच्या हाताला बांधा, तिथेही येणार नाही. तुमचे हे सगळे आठवडे मी बाद करणार."

आम्हाला मार्क कापल्यासारखं वाईट वाटलं. केतकी मात्र आत जाऊन टिपरू घेऊन आली. त्या संध्याकाळी मॅडम कानात कापूस घालून नदीकाठी उभ्या राहिल्या आणि माझी लेक घामाघूम होईस्तोवर बडवत राहिली. गजर वाजून वाजून सुनीताच्या मोबाइलची बॅटरी संपली. मॅडमनी जे पाहिलं ते कंपनीला कळवलं. कंपनीला ते आवडलं नाही. तपासणीच्या पुढच्या टप्प्याला दुसरे डॉक्टर आले.

"मी नकारात्मक आहे म्हणे," मॅडमनी सांगितलं.

"आहात का?"

"हो."

पट्टा नापास, म्हणजे फ्लॅट रद्द, असं आम्ही धरून चाललो. केतकी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मॅडमना फोन केला आणि शनिवारी मॅडमनी आम्हा तिघांना हिंजवडीला नेलं. फ्लॅटमधली मैत्रीण पूनम, अमरावतीकडची. दार उघडताच म्हणाली, "तुम्ही काही टेन्शन नका घेऊ जी, मी पाहून घेईन न."

"काय पाहाल?" मॅडमनी विचारलं.

"कुशीवर वळवायचं, तोंडात काही नाही घालायचं. माझ्या मामेभावाला येतात न फिट."

"असं तुम्ही म्हणता. करून दाखवा. केतकीचे बाबा, झोपा खाली."

मी त्या गुळगुळीत फरशीवर उताणा झालो. पूनमने माझा गुडघा दुमडला, खांदा धरला आणि मला असं काही वळवलं की माझ्या खिशातली चिल्लर कपाटाखाली गेली. मानेखाली दुपट्टा सरकवला, चष्मा काढून बाजूला ठेवला. मग "घड्याळ लावते. पाच मिनिटांवर गेली तर ॲम्ब्युलन्स," असं ती म्हणाली.

"यांना वळवलंत म्हणजे केतकी काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी सुनीताचा मोबाइल मागून घेतला, केतकीच्या हातात अजून असलेल्या पट्ट्याची जोडणी त्यावरून काढली आणि पूनमच्या मोबाइलवर दिली.

"मॅडम!" सुनीता उभी राहिली. "मला कसं कळणार?"

"इथे पोहोचायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"ट्रॅफिक नसेल तर तास."

"तोवर फिट संपून ती उठून बसलेली असेल. फिट येणारच आहे, सुनीताताई. पट्टा वाजेल किंवा नाही वाजणार. शेजारी कोण आहे ते मी बघून घेतलं."

केतकी गेली. सुनीता महिनाभर न वाजणाऱ्या मोबाइलला उशाशी घेऊन झोपली.

मग एका संध्याकाळी केतकीचा फोन. "बाबा, काल आली होती. पट्टा वाजलाच नाही. धप्प आवाज ऐकून पूनम आली, तिने सगळं नीट केलं. जरा वेळ झोपले, मग आम्ही मॅगी खाल्ली. आज मी ऑफिसात आहे. ठेवते, मीटिंग आहे."

मी सुनीताला सांगितलं तेव्हा तिने पर्स घेतली, चपला घातल्या आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. मी मॅडमना फोन लावला.

"पट्टा वाजला नाही, मॅडम."

"केतकी कुठे आहे?"

"मीटिंगमध्ये."

"आणि तुम्ही?"

"दारात उभे आहोत. चपला घालून."



"जेवून घ्या," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मॅडम काय म्हणाल्या ते मी सुनीताला सांगितलं. मग तिने चपला काढल्या, कपाळ पुसलं आणि आत जाऊन कुकर लावला.