चिंचेपाशी न थांबवलेली गाडी

आईला मी फसवलं, आणि तेही गाडी थांबवायच्या कंटाळ्यापायी. इतकं साधं कारण लिहिताना लाज वाटते, पण दुसरं कारण नव्हतं.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला भाईंदर पश्चिमेला. मी लहान असताना वडील मनोरजवळच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला होते. आई मला घेऊन एसटीने त्यांच्याकडे जायची. एका मे महिन्यात हायवेवर एसटी बंद पडली. मला ऊन लागलं, उलट्या सुरू झाल्या. रस्त्याकडेला एक चिंच होती आणि चिंचेमागे कौलारू घर. त्या घरातल्या बाईने मला ओटीवर निजवलं, पेज पाजली आणि ऊन उतरेपर्यंत ती ओल्या फडक्याने माझं अंग पुसत बसली.

पुढच्या वर्षी आई मुद्दाम त्या चिंचेपाशी उतरली. हातात उत्तनहून आणलेल्या सुक्या बोंबलांची पिशवी होती. बाईने तिला शेतातले कडवे वाल बांधून दिले. मग ते दरवर्षीचंच झालं. पावसाळ्याआधी आमच्याकडे आगोट भरतात, चार महिने पुरेल असं सुकं सामान घरात आणून ठेवतात. आमच्या आगोटीतले वाल त्या घरातून यायचे आणि त्यांचं सुकं आमच्याकडून जायचं. मी त्या बाईला मावशी म्हणायचो. दोघी वर्षातून एकदाच, तासभर भेटायच्या, आणि त्या तासात आई जशी हसायची तशी घरी कधी हसली नाही. वडील गेले तरी हे थांबलं नाही, कारण माझी बहीण मनोरलाच दिली होती.

हायवे रुंद करायचं काम निघालं, त्याच सुमारास मी सेकंडहँड गाडी घेतली. मी तेव्हा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. गाडी भावजींना दाखवायची घाई होती. मे महिन्यात आईला घेऊन निघालो. बोंबलांचा वास सीटला लागू नये म्हणून पिशवी तीन प्लॅस्टिकांत गुंडाळून डिकीत टाकली. प्लॅस्टिकची सळसळ आणि डिकीचा आवाज आईला ऐकू गेला.

खाडीचा पूल ओलांडल्यावर रस्ता ओळखीचा राहिला नाही. कुठे नवं काळं डांबर, कुठे नुसती खडी, मध्येच चुना फासलेली पिंपं लावून सगळी वाहनं एका बाजूला वळवलेली. पाण्याचा टँकर धूळ बसवत पुढे चाललेला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिला फक्त उजेड आणि सावल्या कळायच्या. ती विचारत राहिली, "चिंच आली का रे?"

चिंच तोडलेली होती. घर मात्र जागेवर होतं, उजव्या हाताला, नव्या दुभाजकापलीकडे. लाल झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वळायचं कुठे ते विचारलं, तर म्हणाला, "सेठ, कट बहुत आगे है." मी आईला म्हटलं, परत येताना घर आपल्याच बाजूला येईल, तेव्हा थांबू. तिला ते पटलं.

परतीला दुपार कलली होती. नुकतीच खुली केलेली लांबच लांब डांबरी पट्टी समोर आली. एकही वाहन नाही. त्या गाडीत मी पहिल्यांदाच पाचवा गिअर टाकला. घर दिसलं. दारापुढे चर खणलेला, त्यावर फळी, आणि फळीपलीकडे हिरव्या लुगड्यात मावशी, रस्त्याकडे बघत उभी.

"आलं का घर?" आईने विचारलं.

"घर गेलं, आई. रस्त्यात गेलं," मी म्हणालो आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच ठेवला.

तिने खिडकीकडे तोंड केलं. म्हणाली, "कुठे गेली असेल रे ती?"

हा प्रश्न तिने मला दोन वर्षं विचारला. भाजी निवडताना, जेवताना, मध्येच. त्या दोन वर्षांत डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण हृदय थकलं आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तरी आगोट भरताना ती बोंबलांचा एक वाटा वेगळा काढायची. पत्ता लागला तर पाठवायला, म्हणायची. तिसऱ्या मे महिन्यात ती तो वाटा बांधत होती आणि मला ते बघवेना. मी खरं काय ते सांगून टाकलं.

तिने पिशवीची गाठ मारून पुरी केली. "मला काय सांगतोस? तिला जाऊन सांग," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "डिकीत नको टाकूस. पुढच्या सीटवर ठेव."

त्या दोघींची भेट पुन्हा झाली नाही. आता दोघीही नाहीत. रस्ता केव्हाच पुरा झाला, पण त्या टप्प्यावर आलो की माझा पाय आपोआप ब्रेककडे जातो.

मी ती पिशवी घेऊन गेलो त्या दिवशी मात्र रस्त्याचं काम चालूच होतं. लांबच्या कटवरून वळून मागे आलो. गाडीभर बोंबलांचा वास होता. काचा बंदच ठेवल्या. मावशीची अर्धी ओटी रस्त्यात गेली होती, उरलेल्या अर्ध्या ओटीवर ती वाल पाखडत होती. तिने मला ओळखलं, मग माझ्या पाठीमागे गाडीत पाहिलं.

"तुजी आयस न्हाय आली?"

मी पिशवी तिच्यापुढे ठेवली. तिने पिशवीला हात लावला नाही.

"दोन वर्सं वाल बांधून दारात बसले," ती म्हणाली. "मग म्हनलं, पोरगा गाडी घेनार म्हनली व्हती, घेतली असंल, आता ती कशाला उतरतेय आमच्या दारी."

मी खाली बसलो. "मावशी, ती उतरणार होती," मी म्हणालो. "पुन्हा पुन्हा विचारत होती, घर आलं का. तिला दिसत नव्हतं. तुम्ही दारात उभ्या होतात, मला दिसलात. मी तिला सांगितलं, घर पडलं. गाडी थांबवली नाही ती मी. तिच्यावर राग धरू नका. माझं चुकलं."