सुपारी म्हणून वाढवलेलं झाड

सुपारी नाही. सुपारी नाही हो, सुपारी नाही! हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलंय की स्वयंपाकघराच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. ज्यांना पटायला हवं होतं त्यांच्या मात्र एका कानातून शिरून दुसऱ्यातून निघून गेलं. ते म्हणजे आमचे हे, माझे यजमान. आणि झाड म्हणजे आमच्या कुंभकोणमच्या घराच्या परसात, विहिरीच्या कठड्याला टेकून उभं असलेलं, छपराच्या वर गेलेलं ते.

सासूबाई गेल्या तेव्हा आमची मुलगी तिसरीत होती. सासूबाई सणवारी मूठभर तांदळावर सुपारी ठेवून तिलाच गणपती मानायच्या, सगळ्या मराठी घरांत मानतात तसं. तंजावरच्या राजांच्या मागे आमची माणसं इथं आली, बोलण्यात निम्मी तमिळ शिरली, भाताशी सांबार आलं, पण सुपारीचा गणपती काही सुटला नाही. शेवटच्या आजारात त्यांनी लेकाचा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरीच्या लग्नांत घरच्या सुपारीचा गणपती मांड रे. बाजारची नको." हे "सरी, अम्मा" म्हणाले. घरात सुपारीचं झाड नव्हतं, पण अशा वेळी नाही कोण म्हणणार?

त्यांच्या शेवटच्या पूजेतली सुपारी तबकात तशीच राहिली होती. विसर्जनाला हे कावेरीवर गेले तर नदीत नुसती वाळू आणि काटेरी झुडपं. म्हणून परत येऊन त्यांनी ती सुपारी विहिरीजवळ पुरली. पुढच्या पावसानंतर तिथं एक कोंभ वर आला.

"अगो, अम्माचा गणपती उगवला!" ह्यांनी परसातून हाक मारली. मी पदराला हात पुसत बाहेर येईपर्यंत ह्यांनी कुंकवाचा करंडाही आणला होता.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. गच्चीवर माझे पाम होते, नाना जातींचे, कुंड्यांतून वाढवलेले. दुकानातली सुपारी सोललेली, वाळवलेली असते, ती उगवणं म्हणजे भाजलेला हरभरा उगवण्यासारखं आहे, हे मला ठाऊक होतं. मी ते तिथल्या तिथं सांगितलंही. हे म्हणाले, "तूज सगळं पुस्तकांत बघूनच कळतं." आणि कोंभाला कुंकू लावलं.

खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मीही छातीठोकपणे काही म्हणू शकत नव्हते. कोवळं रोप दोन फाट्यांचं पान काढतं. सुपारीही तेच करते, आणखी चार जातीही करतात. पामच्या झाडानं पुरेशी पानं काढल्याशिवाय ते स्वतःची ओळख देत नाही. मग तिसऱ्या का चौथ्या वर्षी पान फुटलं ते पानाला पुन्हा फांद्या असल्यासारखं, आणि प्रत्येक पातं माशाच्या शेपटासारखं, कडेला कुरतडलेलं. सुपारीचं पान असं असतं का कधी? सुपारीला सरळ गुळगुळीत पाती, आणि शेंड्याखाली हिरवागार चकचकीत दांडा. आंधळ्यालाही हात लावून कळेल.

ह्या झाडाला इथले लोक कूंदल पनै म्हणतात, केस मोकळे सोडलेला ताड. कोकणात त्यालाच भेरली माड म्हणतात असं मला फार पुढे समजलं. पलीकडच्या गल्लीतल्या मठाच्या बागेत असं एक जुनं झाड होतं. त्याची फळं उदमांजर खातं, आणि आमच्या माळ्यावर उदमांजराचा मुक्काम होताच. आता विहिरीजवळ बी कुठून आलं असेल, ते सांगायची गरज नव्हती. पण मला राहवलं नाही. मी जेवताना सांगितलं. ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढची सगळी वर्षं म्हणजे ह्यांची भक्ती आणि माझी चिडचिड.

पामला वाढायला जागा एकच असते, शेंड्यातला कोंभ. तो कुजला की झाड संपलं. तुळस खुडली की बाजूनं फुटते, मोगरा छाटला की फुलतो. पामच्या बाबतीत हे चालत नाही. आणि ह्यांनी काय करावं? नेमका तोच कोंभ देवाचं मस्तक समजून त्यावर रोज हळद-कुंकू आणि चतुर्थीला दूध. मुंग्या लागल्या. मग बुरशी. मी साबणाच्या पाण्यानं फडकं ओलं करून पुसत बसायची. झाड डोक्याच्या वर गेलं तेव्हा मला वाटलं, सुटले! तर ह्यांनी स्टूल आणलं. खोडाला पिवळा दोरा बांधला तो इतका घट्ट की सालीत रुतला. तो मी कातरीनं कापला तेव्हा घरात जणू मूर्ती फोडल्यासारखा गहजब झाला.

"पानं तरी हिरवी असताना तोडू नका हो," मी म्हणायची. कारण दाराला तोरण हवं म्हणून हे खालची हिरवी पानं ओढायचे. पान पूर्ण वाळल्यावरच कापायचं असतं. तोवर झाड त्यातून सत्त्व परत घेत असतं. बोअरच्या खारट पाण्यानं पानांची टोकं करपायची, म्हणून मी पावसाचं पाणी पिंपात साठवून घालायची. गच्चीवरच्या माझ्या कुंड्या एका उन्हाळ्यात तहानलेल्या राहिल्या, पण ह्यांच्या गणपतीला पाणी मिळालं. कोणाला कौतुक? शेजारच्या मामी यायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या ह्यांच्या भक्तीनं काय झाड वाढलंय!" मी कपाळाला हात लावायची.

मामींचंही काही चुकत नव्हतं म्हणा. तिरुनीलक्कुडीच्या वाटेवर एका रोपवाटिकेत 'अरेका पाम' म्हणून मिळतो तो शोभेचा पाम त्यांनी दाराशी लावला होता आणि त्याला सुपाऱ्या कधी लागणार म्हणून मलाच विचारत होत्या. त्याला सुपारी लागत नाही, ती जातच वेगळी, हे मी त्यांनाही समजावलं. त्या हसल्या आणि गेल्या. गल्लीत पामबद्दल शंका आली की सगळे माझ्याकडे येतात आणि उत्तर ऐकून आपल्या मनासारखं करतात.

मुलगी चेन्नईत नोकरीला लागली, आणि त्याच सुमारास झाड फुललं. शेंड्यापाशी एक भलाथोरला झुबका लोंबू लागला, केसांच्या बटांसारखा. ह्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. घरोघर पेढे. सासूबाईंच्या फोटोपुढं उभं राहून म्हणाले, "अम्मा, शब्द राखला." ह्यांचे डोळे भरले होते.

मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. मला माहीत होतं की ही जात आयुष्यात एकदाच फुलते. पहिला तुरा वर, मग त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा, असं उतरत उतरत शेवटचा जमिनीजवळ, आणि मग झाड मरतं. म्हणजे पेढे वाटले ते कशाबद्दल, हे फक्त मलाच ठाऊक होतं. त्या पेढ्याची चव मला आजही नकोशी वाटते.

वरची फळं लाल व्हायला लागली तोवर मुलीचं लग्न ठरलं. घरची सुपारी आणि पोरीचं लग्न, दोन्ही एका वर्षात! ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. "फळाला हात लावू नका, खाज सुटते," मी बजावलं. ह्यांनी पडलेलं एक फळ उचललं, नखानं सोललं आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही तळवे लालभडक करून बसले. खोबरेल लावलं, चिंचेचं पाणी लावलं. "मुंगी चावली," म्हणाले. दोन्ही तळव्यांना एकदम? "मोठी मुंगी होती."

मग लग्नाच्या आधी दारापुढं मांडव घालायला पंदलवाला आला. परसात हात धुवायला गेला आणि तिथूनच ओरडला, "अय्या, तुमच्याकडे कूंदल पनै आहे! लोक लग्नाच्या दाराला ह्याचे घोस बांधायला डोंगरातून मागवतात. खालचे दोन हिरवे घोस मला द्या, कमानीला बांधतो."

हे म्हणाले, "तें सुपारीचं आहे."

पंदलवाला हसला. "सुपारी कुठली, अय्या? पान बघा की."

ह्यांनी पान पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं असेल. बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "हां. सुपारी नव्हे."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, चित्रं काढून दाखवली, खरी सुपारीची झावळी आणून शेजारी धरली. आणि ह्या माणसाच्या एका वाक्यानं काम झालं! मला आनंद व्हायला हवा होता, पण मला इतका संताप आला की मी आत जाऊन भांडी आपटली.

ह्यांचं बोलणंच बंद झालं. परसात जाणंही बंद. फुलं, दूध, दिवा, सगळं एका दिवसात थांबलं. चौथ्या की पाचव्या दिवशी झाड तोडायला माणूस घेऊन आले. "फळं पडतील, पाहुण्यांना खाज सुटेल," म्हणाले.

"सुपारी नाही म्हणून कुऱ्हाड?" मी विहिरीपुढं आडवी झाले. "इतकी वर्षं ज्याला नमस्कार केलात, त्याचा पाहुण्यांना त्रास होतो म्हणे!"

"तूच म्हणत होतीस की सुपारी नव्हे म्हणून."

"सुपारी नाही म्हटलं. तोडा कधी म्हटलं?" माझा आवाज फाटला. "आणि तोडायचं कशाला? ते मरायलाच लागलंय. एकदा फुललं की हे झाड संपतं. तुम्ही पेढे वाटत होतात तेव्हापासून मला माहीत आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर झाडाकडे. लटकलेले घोस एकाखाली एक, जिना उतरत यावेत तसे. "किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"काही वर्षं. शेवटचा तुरा खाली येईतो."

त्यांनी कुऱ्हाडवाल्याला परत पाठवलं. पण कठड्यावर बसून इतकंच म्हणाले, "अम्माला काय सांगूं?" आणि मग मला कळलं की गेले चार दिवस हा माणूस झाडावर रुसला नव्हता. आईपुढं तोंड दाखवायची चोरी झाली होती त्याला.

पंदलवाल्यानं खालचे हिरवे घोस कमानीला बांधले. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या गणपतीपूजनाची तयारी करताना मी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, विहिरीपाशी पडलेलं एक पिकलेलं फळ उचललं, वाळूत घासलं, चिंचेच्या पाण्यात धुतलं आणि बी काढलं. लहानसं, काळपट, कडक. मधोमध कापलं असतं तर आत सुपारीसारख्याच रेघा निघाल्या असत्या. शास्त्राला हे चालतं की नाही, मी विचारलं नाही. बाजारातून आणलेली सुपारी डब्यात ठेवली आणि तांदळावर ते बी ठेवलं. हे असलं मी करीन असं मला दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

हे पूजेला बसले. शेजारी मुलगी. गुरुजी मंत्र म्हणत होते. ह्यांचा हात तांदळाकडे गेला आणि थांबला. त्यांनी ते बी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गणपती लहान दिसतो," हळूच म्हणाले.

"घरचा आहे," मी म्हटलं.

त्यांनी अक्षता वाहिल्या. गंध लावून झालं तरी बोट बियावरून उचललं नाही, आणि मुलगी "अप्पा, काय जालं?" म्हणून विचारत होती. त्यांनी तिच्या ओंजळीत अक्षता दिल्या.

लग्न पार पडलं. मुलगी सासरी गेली. कावेरीत अजून पाणी सोडलं नव्हतं, म्हणून ह्यांनी तो गणपती विहिरीजवळच पुरला, त्या झाडाच्या मुळाशी. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं! ह्या वेळची काही दुकानातली वाळकी सुपारी नव्हे. ताजं, जिवंत बी आहे.

झाडाचा आणखी एक तुरा खाली उतरला. वरची पानं विरळ झाली. पाणी मीच घालते. हे पुन्हा परसात येऊन बसतात, पण कुंकू बुंध्याला लावतात आणि दोरा सैल बांधतात. इतकं तरी शिकले.

आणि परवा सकाळी मी गच्चीवर कुंड्या पुसत होते तेव्हा खालून हाक आली.

"अगो! सुपारी उगवली!"

मी जिन्यावरून तणतणत उतरले. सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. विहिरीजवळ हे उकिडवे बसले होते, दोन फाट्यांच्या एका इवल्या पानापुढं, आणि तिथं पडलेली फळं हातानंच बाजूला सारून आपला डावा तळवा उजव्या हातानं सावकाश खाजवत होते. मान वर करून माझ्याकडे बघत, मी काय म्हणते त्याची वाट बघत होते.

मी पावसाच्या पाण्याचं पिंप उघडलं आणि तांब्या बुडवला.